जिन्यातली किंकाळी : आर्तोच्या मागावर सात दिवस

दिवस पहिला, २६ फेब्रुवारी : मार्सेय

सँ-शार्ल स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एकशे चार पायऱ्यांचा रुंद जिना उतरतो आणि त्याच्या पायथ्याशी मार्सेय शहर पसरलेलं दिसतं. बॅग हातात घेऊन पायऱ्या उतरताना वारा इतका झोंबत होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या वाऱ्याला इथे मिस्त्राल म्हणतात. तो सुटला की हवा काचेसारखी स्वच्छ होते, आणि थंडी हाडांपर्यंत जाते.

मराठी माणूस मार्सेयला आला की त्याला आधी सावरकर आठवतात. मलाही आठवले. ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीतून त्यांनी याच बंदरात उडी घेतली होती. पण मी आले होते ती त्या दिवशी याच शहरात असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलासाठी. बाप जहाजांच्या धंद्यात, आई स्मर्नाची, म्हणजे आजच्या इझमीरची. आई-वडील एकमेकांची सख्खी मावसभावंडं, दोन्ही आज्या बहिणी-बहिणी. मुलाचं नाव आंतोनँ आर्तो, पुढे फ्रेंच नट, कवी आणि रंगभूमीचा विचारवंत झालेला. ज्याच्या नावाने पुढे जगभरच्या तालमीच्या हॉलमध्ये 'क्रौर्याची रंगभूमी' हे शब्द घुमले, तो हा.

लोंशां राजवाड्याच्या परिसरातला तो रस्ता शोधत गेले. आर्तो ४ सप्टेंबर १८९६ ला जन्मला तेव्हा या रस्त्याचं नाव वनस्पती उद्यानावरून पडलेलं होतं, आता ते बदललंय. साधी, उंच, बंद खिडक्यांची घरं. शेजारी पूर्वी प्राणिसंग्रहालय होतं. चार-पाच वर्षांचा असताना याला मेंदूज्वर झाला. त्यातून तो वाचला, पण डोकं दुखणं, तोंडाच्या नसा आखडणं, बोलताना अडखळणं हे कायमचं मागे लागलं. पुढे दुखण्यावर अफूचा अर्क दिला गेला आणि तीही आयुष्यभर सुटली नाही. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर मी बराच वेळ उभी होते. एक बाई दुधाच्या बाटल्या घेऊन दारातून आत गेली, एवढंच घडलं.

मी का आले ते इथेच सांगून टाकते. बावीस वर्षांची असताना मी एका नाट्यशिबिरात होते. फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं : क्रौर्याची रंगभूमी. दहा दिवस आम्हाला ओरडायला लावलं. पोटातून ओरड, अजून ओरड, लाज सोड. नवव्या दिवशी माझा आवाज फाटला. डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितलं, आणि नंतर परत आलेला आवाज हा तो पहिला आवाज नव्हता. शिबिर घेणाऱ्यांवर माझा राग बरीच वर्षं होता. त्याहून जास्त राग आर्तोवर होता. त्याला न वाचताच. मग वाचायला लागले, आणि जे वाचलं त्यात ते दहा दिवस कुठेच सापडेनात. आता माझ्याकडे मुलं-मुली शिकायला येतात. त्यांना हे नाव सांगायचं असेल, तर आधी आपण त्या माणसाच्या वाटेवरून एकदा चालून यावं असं वाटलं.

दिवस दुसरा, २७ फेब्रुवारी : मार्सेय

सकाळी लोंशां राजवाड्यातल्या कलासंग्रहालयात गेले. तिथे मिशेल सेर या चित्रकाराची दोन प्रचंड चित्रं आहेत, १७२० च्या प्लेगची. सेर त्या साथीत शहर सोडून पळाला नव्हता, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एका चित्रात शहराचा हमरस्ता आहे. दोन्ही बाजूंना उंच, श्रीमंत घरं, मधोमध झाडं, आणि झाडांखाली चादरी ताणून केलेले आडोसे, कारण घरात राहायची कुणाची हिंमत नव्हती. गाड्यांवर प्रेतं रचलेली. मी चित्राच्या अगदी जवळ गेले, रखवालदाराने खुणेनेच मागे सरायला सांगितलं इतकी जवळ. एका कोपऱ्यात एक बाई पडलेली आहे आणि तिचं मूल अजून तिच्या अंगाशी आहे. सेरने ते केवढंसं रंगवलंय. अख्ख्या चित्रात तळहाताएवढं.

ग्रां-सँत-आंत्वान नावाचं जहाज २५ मे १७२० ला पूर्वेकडून कापड घेऊन आलं. वाटेत माणसं मेली होती, हे माहीत होतं. पण माल बोकेरच्या जत्रेला पोचायला हवा होता, शहराच्या कारभाऱ्यांचे पैसे त्यात अडकलेले होते, म्हणून विलगीकरणाचे नियम सैल झाले. गाठोडी किनाऱ्यावर आली आणि त्यांतून पिसवा. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. जहाज सप्टेंबरात जाळून टाकलं, तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते ज्या ज्या बंदरांना लागत आलं त्यांत स्मर्नाही होतं, आर्तोच्या आईचं गाव.

आर्तोचा सर्वांत गाजलेला निबंध याच जहाजापासून सुरू होतो. सार्डिनियाच्या राज्यपालाला स्वप्न पडतं की आपल्या बेटावर प्लेग आलाय. काही दिवसांनी हे जहाज बंदरात शिरायची परवानगी मागतं, आणि तो तोफा रोखून त्याला हाकलून लावतो. जहाज तिथून मार्सेयला येतं. आर्तो म्हणतो, नाटक प्लेगसारखं असावं. हे वाक्य ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात. पण तो पुढे काय म्हणतो ते बघा. साथीत एक वेळ अशी येते की सगळे व्यवहार संपतात. सोनं उचलून काही उपयोग नाही हे माहीत असूनही माणूस ते उचलतो, इतके दिवस सरळ वागलेला बापाला मारतो, कंजूष खिडकीतून पैसे उधळतो. काही मिळवायचं नसताना माणूस कृती करतो, तिथे नाटक सुरू होतं. आणि प्लेग संपतो तो दोनच मार्गांनी, मरण किंवा पूर्ण बरं होणं. मधलं काही नाही. नाटकानेही प्रेक्षकाला असंच टोकावर आणून सोडावं, त्याच्या आतलं साचलेलं गळू फुटावं.

चित्रासमोर बसल्या बसल्या माझ्या मनात एक तारीख जुळली. आर्तो सप्टेंबर १८९६ मध्ये जन्मला. त्याच सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉक्टर व्हिएगसांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मग पुणं, मग रँड, मग चापेकर. मग सावित्रीबाई फुले, ज्या प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि मार्च १८९७ मध्ये त्याच दुखण्याने गेल्या. माझी पणजी सांगायची, गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या आणि रात्री गावाकडे बघितलं तर एकही दिवा दिसायचा नाही. ही साथ आपल्या घरातली आहे. तरी आमच्यापैकी कुणी तो निबंध शिकवताना पुण्याचं नाव घेतलं नाही. आम्ही मार्सेयचं नाव घोकलं आणि परीक्षा दिली.

दुपारी सँ-पिएर स्मशानभूमीत गेले. ती एवढी मोठी आहे की आतल्या आत रस्ते आहेत, दिशादर्शक पाट्या आहेत. एदमों रोस्तांही इथेच आहे, 'सिरानो' लिहिणारा, ज्याच्या नाटकाला प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते. आर्तो १९४८ मध्ये गेला तेव्हा त्याला पॅरिसजवळ इव्रीला पुरलं होतं. १९७५ मध्ये त्याचे अवशेष इथे कुटुंबाच्या कबरीत आणले. कचेरीतल्या बाईने नकाशावर पेनाने वाट काढून दिली, तरी दोनदा चुकले. कबर सापडली तेव्हा वारा पडला होता. मी स्टेशनाजवळून घेतलेला मिमोसाचा पिवळा तुरा ठेवला. ज्याने आयुष्यभर आई-बापापासून आपण जन्मलोच नाही असं लिहिलं, तो शेवटी त्यांच्याच शेजारी झोपलाय, आणि माझ्या मनात आलं की याला हे विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता.

दिवस तिसरा, २८ फेब्रुवारी : प्रवास

दिवसभर गाडी. मार्सेय ते तुलूझ, तिथून छोट्या गाडीने रोदेझ. तुलूझची जोडगाडी चुकली, दोन तास फलाटावर काढले. पुस्तकातली फोटोप्रत चाळत बसले. 'रंगभूमी आणि तिचं प्रतिरूप' हा त्याचा निबंधसंग्रह फेब्रुवारी १९३८ मध्ये निघाला, पहिल्या छपाईच्या चारशे प्रती. मेरी कॅरोलिन रिचर्ड्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये आला, आणि माझ्या पिढीच्या हातात आली ती त्याची झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं कापली गेलेली. शिबिरात आम्हाला क्रौर्यावरची पत्रं दिलीच नव्हती. ती मी दहा वर्षांनी वाचली.

त्या पत्रांत तो अगदी सरळ सांगतो. मला रक्तपात म्हणायचा नाही. क्रौर्य म्हणजे काटेकोरपणा, मागे न फिरणारा निर्धार, आणि ते क्रौर्य आधी माझ्या स्वतःवर. मराठीत आपण 'क्रौर्य' म्हटलं की 'गिधाडे' आठवतं, १९७० साली डॉक्टर लागूंनी उभं केलेलं, आणि त्या साडीवरच्या डागावरून झालेला सगळा वाद. तो शब्द आपल्याकडे हिंसेच्या बाजूला झुकलेला आहे. मला वाटतं आर्तोच्या मनातल्या अर्थासाठी वारकऱ्यांचा शब्द जास्त जवळचा आहे : नेम. पाऊस असो, ताप असो, नेम चुकत नाही. कठोर नेम. पण 'कठोर नेमाची रंगभूमी' असं फळ्यावर लिहिलं असतं तर कुणी आवाज फाडून घेतला नसता, हेही खरं.

दिवस चौथा, १ मार्च : रोदेझ

रोदेझ टेकडीवर आहे, खाली वळसा घालून नदी जाते. गावाच्या मध्यावर तांबड्या वालुकाश्माचं कॅथेड्रल, ८७ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा. सकाळी त्याच्यावर ऊन पडलं तेव्हा दगड आमच्या कोकणातल्या चिऱ्यासारखा दिसला. आज हे गाव काळ्या रंगात रंगवणारे चित्रकार पिएर सुलाज यांच्या संग्रहालयासाठी ओळखलं जातं, ते इथलेच. मी ते संग्रहालय पाहिलं नाही. त्या दिवशी मला काळ्या रंगासमोर उभं राहवलं नसतं.

आर्तो इथे ११ फेब्रुवारी १९४३ ला आणला गेला आणि २५ मे १९४६ पर्यंत राहिला. त्याआधीचं थोडक्यात सांगते. १९३५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये 'चेंची' हे नाटक उभं केलं, बाल्थ्युसचं नेपथ्य, सतरा प्रयोगांत बंद पडलं. मग तो मेक्सिकोला ताराहुमारा लोकांत गेला. मग एक काठी घेऊन आयर्लंडला गेला, ही संत पॅट्रिकची काठी आहे असं त्याला वाटत होतं. तिथून सप्टेंबर १९३७ मध्ये त्याला परत धाडलं, आणि बोटीतून उतरला तो वेड्यांच्या इस्पितळातच. पुढची जवळजवळ नऊ वर्षं एकातून दुसऱ्यात. त्याचं पुस्तक निघालं तेव्हा लेखक रुआँजवळच्या एका इस्पितळात होता. आणि त्याच वर्षी, १९३८ च्या एप्रिलमध्ये, रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी वेडावरचा उपचार म्हणून माणसाला पहिला विजेचा झटका दिला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे मला गाडीत लक्षात आलं, आणि मग रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

युद्धात फ्रान्समधल्या मनोरुग्णालयांत माणसं उपासमारीने मरत होती. चाळीस हजारांहून जास्त मेली. रेशन कुणाला मिळेल याच्या यादीत वेडे सर्वांत खाली. विल-एव्रारच्या इस्पितळात आर्तो हाडांचा सापळा झाला होता. म्हातारी आई डबा घेऊन जायची. शेवटी कवी रोबेर देस्नोस याने आपल्या ओळखीचे डॉक्टर गास्तों फेर्दिएर यांना गळ घातली, आणि आर्तो दक्षिणेत रोदेझला आला. इथे जेवण होतं. ते देस्नोसमुळे मिळालं, आणि देस्नोस स्वतः १९४४ मध्ये पकडला गेला, छळछावण्यांतून फिरत जून १९४५ मध्ये तेरेझीनला मेला, युद्ध संपल्यानंतर महिन्याभरात.

जुन्या इस्पितळातलं पारेर चॅपेल अजून उभं आहे. मी त्याच्या भिंतीला हात लावून उभी राहिले, दगड थंडगार होता. आर्तो इथे आला तेव्हा स्वतःचं नाव आंतोनँ नालपा असं लिहायचा, आईचं माहेरचं आडनाव. आर्तो मेला आहे, असं सांगायचा. सुरुवातीला तो कमालीचा धार्मिक झाला होता, चॅपेलमध्ये नेमाने यायचा. मग जून १९४३ मध्ये विजेचे झटके सुरू झाले. तेव्हा भूल देत नसत. तिसऱ्या खेपेला मणका मोडला, काही आठवडे पडून राहिला, आणि मग पुन्हा सुरू. दीड वर्षात अठ्ठावन्न. तोंडातले दात गेले. तो डॉक्टरांना पत्रं लिहायचा, थांबवा, यातून माझी स्मृती जाते, मी मेल्यासारखा होतो आणि बाहेरून स्वतःला शोधत बसतो.

आणि याच डॉक्टर फेर्दिएरनी त्याला कागद दिला, लिही म्हटलं, चित्रं काढ म्हटलं, लुईस कॅरलचा भाग भाषांतराला दिला. हे दोन्ही एकाच माणसाने केलं. पॅरिसच्या मंडळींनी फेर्दिएरना जन्मभर खलनायक म्हटलं. मला तेवढं सोपं वाटत नाही, पण अठ्ठावन्न हा आकडा मी सोडायला तयार नाही. कुणाचं पोट भरलं म्हणून त्याच्या डोक्यावर आपला हक्क होत नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीपासून तो रोज शाळेच्या वहीत लिहायला लागला. मरेपर्यंत थांबला नाही. अशा ४०६ वह्या आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्या वह्यांच्या छापील नकला मी पाहिल्यात : अक्षर कधी गिरगटलेलं, कधी खिळ्यासारखं उभं, मध्ये पेन्सिलने दाबून दाबून काढलेले खिळे, पेटारे, मोडकी शरीरं. दाबलेली पेन्सिल कुठे कुठे कागद फाडून गेलीय. ज्या माणसाची स्मृती विजेने पुसली जात होती तो रोज एक पान परत लिहून काढत होता. नेम म्हणतात तो हा.

शेवटी शेवटी त्याला गावात एकट्याने फिरायची मुभा होती. मी तेच केलं. कॅथेड्रलला तीन फेऱ्या मारल्या. रात्री पॅरिसची गाडी पकडली. आर्तोही याच गावातून रात्रीच्याच गाडीने निघाला होता.

दिवस पाचवा, २ मार्च : पॅरिस

पहाटे ऑस्टरलिट्झ स्टेशनात उतरले. २६ मे १९४६ च्या सकाळी तोही इथेच उतरला, मित्र न्यायला आले होते. मला न्यायला भाचा आला होता. तो इथे नोकरीला आहे, सात वर्षं झाली. बॅग हातातून घेत म्हणाला, "मावशी, झोप झाली का? डोळे लाल झालेत." मी म्हटलं, "झोप राहू दे. आधी सोर्बोनला चल." तो म्हणाला, "आधी कॉफी." त्याचं ऐकलं.

सोर्बोन विद्यापीठाच्या बाहेर उभं राहून मी त्याला ६ एप्रिल १९३३ ची गोष्ट सांगितली. आर्तो प्लेगवरच्या त्या निबंधाचं व्याख्यान द्यायला उभा राहिला, आणि बोलता बोलता स्वतः प्लेगने मरायला लागला. चेहरा पिळवटला, बोटं ताठरली, घशातून आवाज येईना. आधी लोक स्तब्ध झाले, मग हसायला लागले, मग शिट्ट्या, मग दारं आपटत बाहेर. तो थांबला नाही. लेखिका अनाइस निन तिथे होती, तिने डायरीत लिहून ठेवलंय. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, यांना प्लेगबद्दल ऐकायचं आहे, मला त्यांना प्लेगच द्यायचा होता, म्हणजे ते घाबरून जागे होतील. भाचा म्हणाला, "पण मावशी, म्हणजे तो ओरडलाच ना?" मी गप्प बसले. त्याचा प्रश्न बरोबर होता.

दुपारी व्यू-कोलोंबिए नाट्यगृह. छोटी गल्ली, छोटं नाट्यगृह. १३ जानेवारी १९४७ ला रोदेझहून सुटलेला आर्तो इथे एकटा रंगमंचावर आला. समोर जीद, ब्रतों, काम्यू हे लेखक, अख्खं पॅरिस. आधी कविता वाचल्या, मग आपली कहाणी सांगायला लागला, आणि कागद हातातून निसटले. तो ते गोळा करायला वाकला, ओळ सापडेना, शब्द सापडेना. शेवटी थांबला. सत्त्याहत्तर वर्षांच्या आंद्रे जीदने त्याला मिठी मारली. मी आयुष्यात इतके प्रयोग केले, प्रॉम्प्टरशिवाय शब्द विसरण्याची भीती काय असते ते मला ठाऊक आहे. पण ही त्याच्याही पलीकडची गोष्ट. ज्याने आयुष्यभर सांगितलं की नाटक शब्दांवर अवलंबून नको, त्याला शब्दांनी भर रंगमंचावर सोडलं, आणि त्या रात्री प्रेक्षकांनी जे पाहिलं ते कुठल्याच संहितेत नव्हतं.

त्या दोघांचं नाव घ्यायला हवं, जे या काळात त्याच्या बाजूला होते. पोल तेवनँ, जिने पुढे वर्षानुवर्षं त्या वह्या अक्षर अक्षर लावून वाचल्या. आणि रोजे ब्लँ, ज्याने जानेवारी १९५३ मध्ये बेकेटच्या 'गोदो'चा पहिला प्रयोग बसवला. आपण 'गोदो'ची पारायणं केली. तो पहिल्यांदा उभा करणारा माणूस आर्तोच्या 'चेंची'त होता, हे कुणी सांगितलं नाही.

दिवस सहावा, ३ मार्च : पोर्त दोरे

आज व्हँसेनच्या जंगलाकडे. १९३१ मध्ये इथे वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं. फ्रान्सने आणि इतर मालक देशांनी आपापल्या वसाहतींतली माणसं, देवळं, नाच आणून मांडले होते. त्यासाठी बांधलेला पोर्त दोरेचा राजवाडा उभा आहे, दर्शनी भिंतभर कोरलेली शिल्पं : हत्ती, बोटी, मसाले, ओझी वाहणारी माणसं. आता आत स्थलांतरितांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. भिंतीवरच्या ओझं वाहणाऱ्या एका माणसाच्या पाठीचा बाक मी बराच वेळ पाहत राहिले.

डच मंडपात बालीचे नर्तक आले होते, उबुदच्या सुकावती राजाबरोबर. आर्तोने ते पाहिलं आणि त्याचं आयुष्य बदललं. पॅरिसचं नाटक म्हणजे दिवाणखान्यात दोन माणसं बसून नवरा-बायकोच्या भानगडी बोलताहेत, या प्रकाराला तो विटलेला होता. इथे डोळा फिरला तर नियमाने फिरत होता, बोट वाकलं तर ठरलेल्या कोनात वाकत होतं, तालाबरोबर पापणी हलत होती. त्याने लिहिलं की यात काही म्हणजे काही आयत्या वेळचं नाही, सगळं गणितासारखं मोजलेलं, आणि तरीही अंगावर काटा येतो. माझ्या शिबिरातल्या फळ्यावर हे लिहिलेलं नव्हतं. त्याला धक्का बसला तो शिस्तीचा. उन्मादाचा नव्हे.

बालीचा धर्म, भाषा त्याला कळत नव्हती, आणि पुष्कळसं त्याने आपल्या मनातलं तिथे पाहिलं. ते त्याच्या लेखात दिसतं. तरी मला त्याचं पाहणं आवडतं. माझं आजोळ कुडाळजवळ. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. बालपणी मी रंगपटात डोकावायची : एका कंदिलाच्या उजेडात माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचा चेहरा रंगवतोय, समोर हातभर आरसा, आणि हळूहळू आमचा ओळखीचा सुतार नाहीसा होतो. मग संकासुर येतो. काळा मुखवटा, लाल जीभ. शब्द आयत्या वेळी जुळवायचे, पण पखवाजाच्या कुठल्या बोलावर पाऊल पडायचं, ते चुकणार नाही. आर्तो बालीसाठी जगाच्या टोकाला बघत होता. मी ते मांडाच्या काठावर, आजीच्या घोंगडीत बसून पाहिलं होतं आणि त्याला नाटक म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बुफ द्यू नॉर. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुकने १९७४ मध्ये उघडलेलं जुनं, पोपडे उडालेलं नाट्यगृह, भिंती तशाच ठेवलेल्या. ब्रुकने १९६४ मध्ये लंडनला क्रौर्याच्या रंगभूमीवर प्रयोगशाळा घेतली, तिच्यातून 'मारा/साद' हे नाटक आलं. अमेरिकेत लिव्हिंग थिएटर या नाटकमंडळीने आर्तोला डोक्यावर घेतलं. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीला त्याच्याशी ताडून पाहिलं गेलं. ब्रुकनेच मग लिहून ठेवलं की आर्तो वापरायला घेतला की त्याच्याशी दगा होतो, कारण त्यातला सोपा तुकडाच उचलला जातो. हे वाक्य मी भाच्याला सांगितलं. माझ्या नवव्या दिवशीचं सगळं त्याच्यात आहे.

दिवस सातवा, ४ मार्च : इव्री

आज त्याची पुण्यतिथी. सात नंबरच्या मेट्रोने शेवटपर्यंत, मेरी दिव्री. आता इथे उंच इमारती, बाजार, शाळेत जाणारी पोरं. १९४६ ते ४८ इथल्या खाजगी दवाखान्याच्या आवारात तो राहत होता, बाहेर ये-जा करायची मोकळीक होती. खोलीत लाकडाचा एक ओंडका होता. लिहिताना शब्दाचा ताल बघायला तो त्याच्यावर हातोडा मारायचा, सुरी खुपसायचा. भेटायला येणाऱ्यांनी तो आवाज ऐकलेला आहे : आधी ठोका, मग ओळ. ४ मार्च १९४८ च्या सकाळी माळी न्याहारी घेऊन आला तेव्हा तो पलंगाच्या पायथ्याशी बसलेला होता. मेलेला. गुदाशयात कर्करोग होता, ते उशिरा कळलं होतं. वय एक्कावन्न.

बागेतल्या बाकावर आम्ही बसलो. भाच्याने फोनवर रेकॉर्डिंग लावलं, इअरफोनची एक गोळी त्याच्या कानात, एक माझ्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये फ्रेंच रेडिओसाठी त्याने हा कार्यक्रम केला : 'देवाच्या निवाड्याचा निकाल लावण्यासाठी'. आर्तो, ब्लँ, तेवनँ आणि अभिनेत्री मारिया कासारेस. २ फेब्रुवारी १९४८ ला प्रसारित व्हायचा होता. आदल्या दिवशी रेडिओच्या प्रमुखांनी बंदी घातली. कार्यक्रम ठरवणाऱ्या फेर्नां पुए यांनी लेखक-कलावंतांना बोलावून ऐकवला, बहुतेकांनी प्रसारणाच्या बाजूने मत दिलं, तरी बंदी उठली नाही, पुएंनी नोकरी सोडली. महिन्याभरात आर्तो गेला. रेडिओवर तो लोकांनी ऐकला तो सत्तरच्या दशकात.

त्याचा आवाज. दात नसलेल्या तोंडातला, एकदम वर चढणारा, म्हातारीसारखा, मग खोल. कुठल्याच भाषेत नसलेले शब्द. ढोल, झायलोफोन. मी डोळे मिटून ऐकत होते आणि शिकवणाऱ्या बाईचा कान आपोआप काम करत होता : श्वास कुठे घेतला, कुठे धरून ठेवला, अक्षर कुठे सोडलं. एकही अक्षर विरघळलेलं नाही. घसा कुठेच ओढलेला नाही. हा आवाज फाटत नाहीये.

भाच्याने फोनवर कार्यक्रमाचा क्रम काढून मला वाचून दाखवला, आर्तोने स्वतः लावलेला. प्रारंभीचा मजकूर. आवाज. नाच, मारिया कासारेस. झायलोफोन. रोजे ब्लँ. ठोके. पोल तेवनँ. मग :

"आवाज, आणि जिन्यातली माझी किंकाळी."

मी म्हटलं, "परत वाच."

त्याने परत वाचलं. रेडिओच्या इमारतीतल्या जिन्यात जाऊन तो ओरडला होता, कारण तिथे प्रतिध्वनी मिळत होता. जागा ठरलेली. कशाच्या नंतर आणि कशाच्या आधी, ते ठरलेलं. आम्ही मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा लावला, आणि मी वही काढून सेकंद मोजत बसले.